परमुलखातील त्वचा

कान फुटणे आणि कान वाहणे या दोन गोष्टी आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या रोग म्हणून नव्हे, तर बालपणाचे एक प्राक्तन म्हणून सोसल्या गेल्या. ज्या मुलाचा कान वाहतो त्याच्या कानात कापसाचा बोळा घालावा, रात्री निजताना कोमट तेलाचे दोन थेंब सोडावेत, नदीत डुंबण्याची मनाई करावी, आणि वय वाढले म्हणजे हे आपोआप थांबेल असा दिलासा एका आईने दुसरीला द्यावा, एवढ्यावर त्या व्याधीचा बंदोबस्त संपत असे. शाळेत त्या मुलाशेजारी बसण्यास कोणी राजी नसे, कारण त्या कानाला दुर्गंधी येत असे; आणि या दुर्गंधीची दखल आपल्या प्राचीन शल्यतंत्राने इतकी नेमकी घेतली होती की, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जे २८ कर्णरोग गणले आहेत, त्यांत वाहणाऱ्या कानाला ‘कर्णस्राव’ असे एक नाव आहे आणि कुजका वास येणाऱ्या कानाला ‘पूतिकर्ण’ असे निराळे नाव आहे. दोन नावे स्वतंत्रपणे नोंदणाऱ्याने दोन कानांतला फरक जाणला होता, यात संशय नाही.

बहुतेक वाहणारे कान पडद्याच्या मध्यभागी पडलेल्या छिद्रामुळे वाहतात, आणि त्यांचा उपद्रव बहुधा बहिरेपणापाशी थांबतो. परंतु काही थोड्या कानांत, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा अगदी कडेला, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकाकणारी एक पांढरी पिशवी दडून बसलेली असते. तिला वैद्यकात ‘कोलेस्टिॲटोमा’ असे नाव आहे. ती कर्करोग नव्हे. दूरच्या अवयवांत ती पसरत नाही, आणि पुष्कळ वर्षे दुखतही नाही. तरीही ती सावकाश वाढत राहते, आणि ध्वनी आत पोचविणारी चिमुकली हाडे, चेहऱ्याच्या स्नायूंना चालविणाऱ्या मज्जातंतूभोवतीचे अस्थीचे कवच, तसेच कान आणि मेंदू यांच्यामधली पातळ भिंत ही सारी एकामागून एक कुरतडून टाकते. असा विध्वंस करणारी ही वस्तू कशाची बनलेली असते म्हणाल, तर तुमच्या-आमच्या कपाळावर आणि तळहातावर असते त्या साध्या त्वचेची. जिथे त्वचा असूच नये तिथे ती आली कशी, आणि आल्यावर ती थांबत का नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात युरोपातील आणि अमेरिकेतील शरीरविदांची तीनशेहून अधिक वर्षे गेली. त्या शोधाची हकिकत येथे सांगावयाची आहे.

हकिकत समजण्यासाठी कानाचा मुलूख आधी पाहिला पाहिजे. बाह्य कर्ण हा देहाच्या बाहेरच्या बाजूचाच आत वळलेला एक बोळ आहे. तेथे त्वचा आहे, केस आहेत, मळ आहे. पडद्याच्या आत मात्र अंमल बदलतो. मध्यकर्णाची ती इवली पोकळी नाकाच्या मागील भागाशी एका अरुंद नळीने जोडलेली असून तिचे अस्तर ओलसर श्लेष्मल आवरणाचे आहे, आणि हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे तिच्यातच टांगलेली आहेत. या दोन मुलखांमधली सरहद्द म्हणजे कानाचा पडदा : व्यास नऊ-दहा मिलिमीटर, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, बाहेरून त्वचा, आतून श्लेष्मल आवरण आणि मध्ये तंतूंचा ताणलेला थर. परंतु पडद्याच्या वरच्या टोकाशी एक लहानसा भाग असा आहे की, तेथे तो मधला बळकट थर जवळजवळ नसतोच. इंग्लंडमधील हेन्री जोन्स श्रापनेल यांनी १८३२ साली या सैल भागाचे वर्णन केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भक्कम तटाच्या किल्ल्याला एखादी चोरदिंडी असावी तसा हा भाग आहे, आणि पुढील साऱ्या इतिहासात या चोरदिंडीकडे आपल्याला वारंवार परतावे लागणार आहे.

या रोगाची पहिली अंधुक नोंद पॅरिसमधील शरीरविद् गिशार दुव्हेर्ने यांच्या, १६८३ साली प्रसिद्ध झालेल्या, श्रवणेंद्रियावरील ग्रंथात आढळते. शंखास्थीत, म्हणजे कानाभोवतीच्या हाडात, सापडलेल्या गोळ्याला त्यांनी चरबीची गाठ मानले. त्यानंतर जवळजवळ दीड शतक लोटल्यावर, १८२९ च्या सुमारास, पॅरिसमध्येच झां क्र्युव्हेलिए यांनी अशाच गाठीचे वर्णन करताना तिच्या पृष्ठभागावरील झळाळी पाहून तिला ‘मोत्यासारखी गाठ’ म्हटले, आणि हे नाव डोळ्यांना जे दिसले तेवढेच सांगणारे असल्यामुळे निर्दोष होते. परंतु १८३८ साली बर्लिनचे योहान्नेस म्युलर यांनी तिला जे नाव दिले ते टिकले, आणि ते नाव मात्र चुकीचे होते. म्युलर हे त्या काळातील शरीरक्रियाविज्ञानाचे आचार्य. त्यांच्याच प्रयोगशाळेत त्या सुमारास थिओडोर श्वान प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असतात हा सिद्धान्त सिद्ध करीत होते. सूक्ष्मदर्शकाखाली म्युलर यांना त्या गाठीत बहुकोनी पेशींचे थरांवर थर दिसले, आणि त्या थरांच्या मधून पित्तातील मेदाचे, म्हणजे कोलेस्टेरॉलचे, स्फटिकही दिसले. थर मुख्य होते आणि स्फटिक आनुषंगिक होते. पण नाव मात्र स्फटिकांवरून पडले. ग्रीक भाषेतील पित्त, चरबी आणि गाठ या अर्थाच्या तीन शब्दांचा तो समास आहे. वास्तविक या वस्तूत पित्त नाही, ती चरबीची नाही, आणि अर्बुद या अर्थाने ती गाठही नाही. कोलेस्टेरॉलचे स्फटिक तीत पुष्कळदा सापडतच नाहीत, आणि सापडले तर ते भोवतालच्या सुजलेल्या ऊतींचा ऱ्हास झाल्याने आलेले असतात. पुढे अमेरिकेतील कर्णविकृतितज्ज्ञ हॅरॉल्ड शुकनेख्त यांनी ‘केराटोमा’, म्हणजे शृंगद्रव्याचा संचय, हे नाव अधिक यथार्थ ठरेल असे सुचविले. पण दप्तरात एकदा नोंदलेले नाव खोडणे दुष्कर असते, हा अनुभव विज्ञानालाही येतो.

चुकीच्या नावाने एक नुकसान असे झाले की, हे अर्बुद आहे असे गृहीत धरूनच त्याच्या उगमाचा तपास सुरू झाला. म्युलर यांचे शिष्य रुडोल्फ फिर्खो यांनी १८५५ साली या मोतिया गाठींवर विस्तृत निबंध लिहिला, आणि संयोजी ऊतीतील पेशींचे रूपान्तर होऊन त्या तेथल्या तेथेच निर्माण होतात असे मत मांडले. प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते हा महासिद्धान्त फिर्खो यांनीच त्या वर्षांत जगापुढे ठेवला; पण एका कुळीच्या पेशीपासून दुसऱ्या कुळीची पेशी जन्मू शकते की नाही, हा प्रश्न तेव्हा मोकळा होता, आणि त्या प्रश्नाच्या निकालावरच या व्याधीचा निकाल अवलंबून होता. काही विद्वान म्हणत की, दीर्घकाळच्या दाहाने मध्यकर्णातील श्लेष्मल आवरणच आपले रूप पालटून त्वचेसारखे होते. उलट व्युर्त्सबुर्गचे आंतोन फॉन ट्रल्च यांचा कल याकडे होता की, ही त्वचा मुळात बाहेरचीच आहे. छिद्र पाडलेल्या अंतर्वक्र आरशाने प्रकाश फेकून पडदा पाहण्याची रीत रूढ केली ती त्यांनीच. पडदा जिवंत माणसाच्या कानात रोज पाहता येऊ लागला तेव्हाच, माझ्या समजुतीने, हा वाद मृतदेहाच्या टेबलावरून उठून रुग्णाच्या बाजूला आला.

रुग्णाच्या बाजूची परिस्थिती त्या काळी भयंकर होती. वाहता कान थांबविला तर विकार आत वळून डोक्यात जाईल, अशी समजूत केवळ आपल्याकडे नव्हे, तर युरोपातही सामान्य जनांत आणि कित्येक चिकित्सकांतही प्रचलित होती. तिच्याविरुद्ध ज्यांनी कंठरवाने सांगितले त्यांत डब्लिनचे विल्यम वाइल्ड हे अग्रगण्य होत. १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कर्णरोगावरील ग्रंथात, वाहणारा कान कोठे नेऊन सोडील हे कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा त्याची कधीही उपेक्षा करू नये, असा इशारा त्यांनी दिला. नियतीने तो इशारा त्यांच्याच घरात खरा केला. त्यांचे पुत्र, सुप्रसिद्ध साहित्यिक ऑस्कर वाइल्ड, हे बंदिवासात असताना प्रार्थनामंदिरात पडले आणि त्यांच्या कानाला इजा झाली. पुढे १९०० च्या ऑक्टोबरात पॅरिसमधील एका हॉटेलच्या खोलीतच त्यांच्या कानावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, वयाच्या ४६ व्या वर्षी, मेंदूपर्यंत पोचलेल्या दाहाने त्यांचा अन्त झाला. त्यांच्या मृत्यूच्या मुळाशी कोलेस्टिॲटोमा असावा, असा तर्क दोन चिकित्सकांनी २००० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. लंडनचे जोसेफ टॉयन्बी यांनी आयुष्यभरात सुमारे २००० कानांचे शवविच्छेदन केले आणि कानातील आवाजांवर उपाय शोधताना स्वतःवरच विषारी वाफांचा प्रयोग करून १८६६ साली प्राण गमावला. अशा माणसांच्या परिश्रमांवर हे शास्त्र उभे आहे, आणि त्यांचे स्मरण कृतज्ञतेनेच केले पाहिजे.

उगमाच्या वादाला निर्णायक वळण मिळाले ते १८८८ ते १८९० या अवघ्या दोन-तीन वर्षांत. प्रागमधील योहान हाबरमान यांनी कानाचे सूक्ष्म छेद घेऊन असे दाखविले की, पडद्याच्या कडेला छिद्र पडले म्हणजे बोळातील त्वचा त्या छिद्राच्या ओठावरून आत सरकते, श्लेष्मल आवरणाला हटवीत पोकळीच्या भिंतीवर पसरते, आणि बाहेरच्या त्वचेशी असलेले तिचे नाते छेदातून अखंड दिसते. म्यूनिकचे फ्रीडरिख बेझोल्ड यांनी दुसरे द्वार दाखविले. नाकाकडे जाणारी नळी बंद राहिली की मध्यकर्णातील हवा शोषली जाते, आतला दाब घटतो, आणि श्रापनेल यांचा तो सैल भाग आत ओढला जाऊन त्याचा खिसा बनतो. खिशाच्या आतल्या बाजूस अर्थातच त्वचा असते. एकाच्या मते त्वचा तुटलेल्या वेशीतून चालत आली, दुसऱ्याच्या मते सरहद्दच आत खेचली गेली. पण दोघांच्याही साक्षीचा आशय एकच होता की, ही त्वचा तेथे जन्मली नाही, ती शेजारून आली. जन्मतःच काही मुलांच्या अखंड पडद्यामागे असा मोती आढळतो, त्याचा खुलासा मात्र निराळा करावा लागला, आणि लंडनचे लेस्ली मायकेल्स यांनी १९८६ साली गर्भाच्या मध्यकर्णात त्वचापेशींचे एक इवले बेट असते, आणि एरवी ते लोप पावते, असे दाखविले तेव्हा त्या खुलाशाची वाट मोकळी झाली.

त्वचा आली कोठून ते समजले. ती आत शिरून एवढा अनर्थ का करते हे समजण्यासाठी कानाच्या त्वचेचा एक विलक्षण गुणधर्म ध्यानात घ्यावा लागतो. सर्वत्र त्वचेच्या तळच्या थरातील पेशी विभागतात, नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात, वर येता येता त्या शृंगद्रव्याने भरून मरतात, आणि शेवटी कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. हा क्रम सुमारे महिन्याभराचा असतो. अंगावरचा कोंडा वस्त्राच्या घर्षणाने आणि स्नानाने निघून जातो. कानाच्या आंधळ्या बोळात, जेथे बोटही पोचत नाही, तेथे तो कसा निघावा? बॉस्टनचे क्लॅरेन्स ब्लेक, ज्यांनी १८७४ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना ध्वनिविषयक प्रयोगासाठी मानवी कान मिळवून दिला होता, हे फाटलेल्या पडद्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत असत. आणि १८८२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की, तो तुकडा जागेवर राहत नाही, हळूहळू कडेकडे सरकतो. विसाव्या शतकात पडद्यावर शाईचे ठिपके देऊन त्यांचा प्रवास मोजला गेला, तेव्हा असे दिसले की पडद्याची त्वचा मध्यापासून कडेकडे आणि तेथून बोळाच्या तोंडाकडे अखंड वाहत असते, दिवसाला सुमारे ०.०५ मिलिमीटर, म्हणजे नख वाढते त्याच्या निम्म्या वेगाने. पडद्याच्या मध्यावरचा ठिपका कडेला पोचण्यास सुमारे तीन महिने लागतात. आपल्या कानातील मळ आणि कोंडा आपोआप बाहेर येतो तो या मंद प्रवाहावरून. घराचा केर उंबरठ्याबाहेर काढण्याची ती निसर्गाची वहिवाट आहे.

आता हीच त्वचा अरुंद तोंडाच्या खिशात अडकली असता काय होईल याची कल्पना करावी. ती पूर्वीप्रमाणेच विभागते, पूर्वीप्रमाणेच पेशी झडतात, पण केराला उंबरठा उरत नाही. थरावर थर साचतात. त्यांनाच म्युलर यांनी बहुकोनी पेशींचे थर म्हटले आणि क्र्युव्हेलिए यांनी त्यांचीच झळाळी पाहिली. त्या केरात ओल येते, ओलीत जंतू वाढतात, आणि तेथूनच पूतिकर्णाची दुर्गंधी उठते. परंतु एवढ्यावर हा विषय संपत नाही. झ्यूरिखचे लुझियस र्‍यूडी यांनी १९५० नंतरच्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, सुजलेल्या ऊतीच्या सान्निध्यात त्वचेचा तळचा थर चाळवला जातो आणि मुळांसारखे कोंब खाली सोडतो; म्हणजे त्वचा केवळ साचत नाही, दाहाने ती वाढण्यासही उद्युक्त होते. विभागणाऱ्या पेशीच्या केंद्रकातच आढळणारे एक प्रथिन जर्मनीतील कील येथील संशोधकांनी १९८३ साली शोधले होते. त्याच्या साह्याने पुढील दशकात या पिशवीचे छेद रंगवून पाहिले असता, विभागणाऱ्या पेशींची संख्या निरोगी त्वचेपेक्षा पुष्कळ अधिक तर आढळलीच, शिवाय त्या तळाचा थर सोडून वरच्या थरांतही आढळल्या. जखम भरून येताना किंवा सोरायसिस या विकारात त्वचेत जे विशिष्ट केराटिन, म्हणजे शृंगद्रव्य, दिसते, तेही येथे दिसले.

या सर्वांचा अर्थ असा निघाला की, ही त्वचा स्वतःहून बंडखोर झालेली नाही. तिच्या पेशींची गुणसूत्रे कर्करोगाप्रमाणे विस्कटलेली नसतात, आणि कोंडा होण्यापर्यंतचे आपले सारे संस्कार ती यथाक्रम पार पाडते. वाढण्याचे हुकूम तिला सुटतात ते तिच्या खालच्या सुजलेल्या ऊतीतून : तेथील तंतुपेशी त्वचेला वाढविणारे द्रव्य स्रवतात, दाहपेशी आपले संदेश पाठवितात, आणि ते संदेश ग्रहण करणारी केंद्रे त्वचापेशींवर वाढलेली असतात. त्वचा वाढली की केर वाढतो, केर वाढला की जंतू आणि दाह वाढतो, दाह वाढला की हुकूम वाढतात. जखम भरण्याची ही आज्ञा आहे; फक्त जखम भरल्याची वर्दी कधी पोचत नाही, म्हणून आज्ञा कधी मागे घेतली जात नाही. हाडांचा विध्वंसही याच दाहाचे काम होय. फुगत्या पिशवीच्या दाबाने हाड झिजते अशी जुनी समजूत होती. परंतु अमेरिकेतील मॅक्सवेल अब्रॅमसन यांनी १९६९ साली या ऊतीत हाडाच्या तंतूंना विरघळविणारे विकर दाखविले, आणि पुढे असे सिद्ध झाले की दाहाच्या इशाऱ्यावरून हाड खाणाऱ्या पेशी तेथे जमतात. ऐरणीचा खाली लोंबणारा नाजूक दांडा बहुधा त्यांचा पहिला बळी असतो.

आता शस्त्रवैद्यांची कहाणी सांगावयाची राहिली, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. कानामागचे हाड उघडण्याची क्रिया अठराव्या शतकातच काहींनी यशस्वी केली होती. परंतु १७९१ साली डेन्मार्कच्या राजवैद्यांनी, बेर्गर यांनी, बहिरेपणासाठी ती स्वतःवर करवून घेतली आणि ते दगावले, तेव्हा ती क्रिया सुमारे ८० वर्षे बदनाम होऊन पडली. हाले येथील हेर्मान श्वार्त्स यांनी १८७३ साली तिचे पद्धतशीर पुनरुज्जीवन केले, आणि १८९० च्या आगेमागे क्युस्टर, झाउफाल व श्टाके यांनी बोळाची मागची भिंत काढून मध्यकर्ण आणि मागची पोकळी मिळून एकच उघडे दालन करण्याची पद्धत सिद्ध केली. त्या क्रियेने प्राण वाचले, पण श्रवण बहुधा गेले. मग व्हिएन्नाच्या गुस्ताव बाँडी यांनी १९१० साली एक सौम्य रीत सांगितली : ज्या कानात हाडे आणि पडद्याचा मुख्य भाग शाबूत आहे, तेथे फक्त वरच्या पिशवीची बाहेरची भिंत उघडावी, आतला केर साफ करावा, आणि पिशवीचे त्वचेचे अस्तर तेथेच, हाडांवर, राहू द्यावे.

या एका क्रियेवर मन थांबते. जी त्वचा हाडे खात होती, जी माणसाला मृत्यूच्या दारी नेत होती, तीच जागच्या जागी ठेवून दिली; तिच्यातील एकही पेशी बदलली नाही; फक्त बाहेर जाण्याची वाट मोठी केली. आणि अशा पुष्कळ कानांत वाहणे थांबले, दुर्गंधी गेली, ते दालन कोरडे झाले, आणि तीच त्वचा आपला कोंडा बाहेर टाकीत निमूटपणे नांदू लागली. पुढे १९२१ साली स्टॉकहोममध्ये कार्ल-ओलोफ न्यूलेन यांनी शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक आणला, १९५० नंतर वुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी नष्ट झालेला पडदा व हाडांची साखळी पुन्हा उभारण्याचे तंत्र दिले, आणि आज बोळाची भिंत राखूनही हा रोग काढता येतो. मात्र तेव्हा ती त्वचा समूळ काढावी लागते, कारण मागे राहिलेल्या मूठभर पेशीही बंद जागेत पुन्हा मोती घडवितात, आणि म्हणून कित्येकदा वर्षभराने कान पुन्हा उघडून पाहावा लागतो. हे सारे प्रगत तंत्र मोलाचे आहे. तथापि पेशींचे संदेश वाचण्याची साधने हाती येण्याच्या कितीतरी आधी, बाँडी यांच्या हातांनी या व्याधीचे मर्म ओळखले होते, असे मला वाटते.

आजही आपल्या गावोगावी कापसाचा बोळा घातलेली मुले आहेत, आणि मोठेपणी थांबेल हा दिलासाही आहे. त्यांतील बहुतेकांचा कान साध्या छिद्राचा असेल. परंतु ज्याच्या कानाला तो कुजका वास सतत येतो, त्याच्या कानात बोळा घालणे म्हणजे आधीच कोंडलेल्या घराचे उरलेसुरले दार लावून घेणे होय. त्या मुलाला कानाच्या डॉक्टरकडे नेऊन, प्रकाशाखाली पडद्याचा तो वरचा कोपरा तपासून घ्यावा. केर बाहेर जाण्यास वाट मिळाली तर आपल्याच अंगाची ती त्वचा कोणाचे वैर करीत नाही.